उणे एकतीस

त्या वर्षी आमच्या घरी हिवाळा कामाला होता.
कुह्मोबाहेरचं लाकडी घर, रात्रीचे अकरा,
ताइस्तो स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायचा,
कॉम्प्युटरची एक बाजू स्क्रू काढून सोलायचा
आणि उघडा प्रोसेसर वाऱ्याला धरायचा
जसं भाजलेलं बोट कुणी नळाखाली धरावं.
मी लोकरी टोपी घालून झोपायचे.
पेल्यातल्या दुधावर सायीऐवजी बर्फ धरायचा.

"तीन पूर्णांक आठ!" तो आतून ओरडायचा.
मग बऱ्याच वेळाने, "चार!"
शेजारणीला वाटे, आम्ही लिलाव चालवतो.

फेब्रुवारीतली एक रात्र, उणे एकतीस.
चार पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ.
अकरा सेकंद टिकले.
कॅमेरा सापडेपर्यंत तेही संपले होते;
फोटोत नुसता निळा स्क्रीन आहे
आणि काचेत त्याचं हसू.

एवढ्या घाईने जायचंय कुठे, मी विचारलं.
म्हणाला, ओंडक्यात.

सॉ मिलसाठी लिहिलेला प्रोग्राम होता त्याचा.
पाइनच्या चकतीचा फोटो घ्यायचा
आणि गाभ्यापासून सालीपर्यंत कडी मोजायची,
कुठलं वर्ष उपाशी, कुठलं पोटभर.
एक कडं संपल्याखेरीज
पुढचं कुठे सुरू होतं ते कळत नाही.
म्हणून त्याला एकच हवा होता, पण ऊर फुटेस्तोवर पळणारा.

मग आकडे वाढायचे थांबले.
ताइस्तो मासिकं चाळत राहिला
बंद पडलेल्या गाडीचं वेळापत्रक वाचावं तसा.
"फार तापतो म्हणे. आणखी पळवला
तर स्वतःलाच शिजवेल.
आता वेग नाही, माणसं वाढवतायत."
आधी दोन. मग चार.

गेल्या शरदात नात आली, पिह्ला,
आठ कोअरची पेटी मांडीवर धरून, बसने.
वेग त्या रात्रीच्या आकड्याहून कमीच.

जुना प्रोग्राम लावला.
स्क्रीनवर आठ चौकोन उघडले:
एकात आलेख छताला टेकलेला,
सातांत तळाशी सरपटणारी रेघ.

मी ते चित्र लगेच ओळखलं.
आमचाच रस्ता तो. आठ घरं,
धूर एकाच धुराड्यातून,
बाकीची दक्षिणेला गेली,
बर्फ हटवायचं यंत्र आमच्या फाटकापर्यंतच येतं.

"आठ जण पगारावर," ताइस्तो म्हणाला,
"आणि करवत एकाच्याच हातात."

पिह्ला पाव चावत बोलली,
आजोबा, एका ओंडक्यावर आठ जण कशाला?
आठ ओंडके द्या ना.

दोन आठवडे खपला तो.
असल्या चुका त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या:
दोघांनी मिळून एकच ओंडका दोनदा मोजला;
दुसरे दोघे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत
दारात अडकलेल्या पाहुण्यांसारखे
उजाडेपर्यंत तिथेच उभे.

मग एका मंगळवारी आठही चौकोन एकदम पेटले.
मिलचं अख्खं वर्ष
कॉफी निवायच्या आत मोजून झालं.
मी टाळ्या वाजवल्या.
त्याने नाही.

उठला, सौनामागच्या पाइनची चकती घेऊन आला,
वादळात पडलेला, आम्हा दोघांहून थोरला.
फोटो घेतला. एकच.
सात चौकोन पुन्हा विझले.

एक जण गाभ्यातून निघाला.
थंडीची वर्षं कागदाएवढी, एकमेकींना चिकटलेली.
मग आमच्या लग्नाचं, जरा रुंद.
मग तो दुष्ट जून, ज्याबद्दल आम्ही बोलत नाही;
झाडाला तो कळलाच नव्हता.
सातांतलं कुणीही
तिथे त्याचा भार उचलायला जाऊ शकत नव्हतं,
मागचं कडं पार केल्यावरच पुढचं.

ताइस्तोचा हात सवयीने खिडकीच्या कडीकडे गेला.
"नको," मी म्हटलं, "तापलेला नाही तो."
"माहीत आहे," म्हणाला
आणि बोटभर उघडीच ठेवली.

मी टोपी आणायला गेले.